गंगूबाईची घागर

मृणाली सोनवणेचं पत्र पाडव्याच्या आधी आलं होतं आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली तरी पितांबर भामरे यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. ते विसरले होते असं नाही. पत्र त्यांनी जाड शब्दकोशात खुणेसारखं घालून ठेवलं होतं, आणि शब्दकोश तर ते रोज उघडायचे. उघडला की पत्र दिसायचं. पत्र दिसलं की ते शब्दकोश मिटायचे आणि दुसरं एखादं पुस्तक काढून बसायचे.

मृणाली एकेकाळी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ अभियंता होती. पुढे परीक्षा देऊन ती मुख्याधिकारी झाली, आणि आता धुळ्याच्या अलीकडे फाट्यावरून आत असलेल्या तामसखेडे नगरपंचायतीचा कारभार बघत होती. तिथे तिने एक नवी सोय केली होती. गावात दोन दिवसांआड नळ येत. कधी पहाटे, कधी भर दुपारी. वीज कधी असेल आणि टाकी कधी भरेल ते कोणालाच सांगता येत नसे. बायका कामाधंद्यावर न जाता नळाची वाट पाहत बसायच्या. मृणालीने व्हॉल्व्हमनच्या फोनमध्ये एक बटण बसवून दिलं. व्हॉल्व्ह उघडला की त्याने ते दाबायचं, आणि त्या गल्लीतल्या प्रत्येक घराच्या फोनवर निरोप जायचा. तक्रारही फोनवरूनच करायची. सुरुवात चार-पाच गल्ल्यांपासून झाली होती.

पत्रात तिने लिहिलं होतं, ‘सर, सगळे कौतुक करताहेत. तक्रारी जवळजवळ संपल्या. आखाजीनंतरच्या सभेत ही सोय पूर्ण गावाला लागू करण्याचा ठराव मी मांडणार आहे. पण मला आतून बरं वाटत नाहीये. तक्रारी इतक्या पटकन संपत नाहीत, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. काठी घेऊन एक आजी दर आठवड्याला माझ्या केबिनमध्ये यायच्या आणि मला फैलावर घ्यायच्या. त्याही आता येत नाहीत. याचा आनंद मानावा की नाही, कळत नाही. तुम्ही एकदा येऊन बघाल का? मला काय दिसत नाहीये, एवढंच सांगा. पुढे जाऊ की थांबू?’

अशा थेट प्रश्नाला थेट उत्तर देणं पितांबररावांना आयुष्यात जमलं नव्हतं. नोकरीत असताना फाईल त्यांच्यापुढे आली की ते ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत, नकाशे उलगडून बघत, जुने संदर्भ काढत आणि शेवटी समासात बारीक, देखण्या अक्षरात लिहीत, ‘चर्चा करावी’. मग चर्चा होई. चर्चेत जो मोठ्याने बोले त्याचं खरं होई. पितांबरराव घरी येऊन पुस्तक उघडत. कचेरीत त्यांना ‘चर्चासाहेब’ म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आपल्याला ते नाव शोभतं असंही वाटायचं.

मृणालीला उत्तर लिहायला ते तीनदा बसले होते. प्रत्येक वेळी कागदाच्या शेवटी तेच दोन शब्द अवतरायला लागले, तेव्हा त्यांनी कागद फाडला.

घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, दोघंच. द्रौपदाबाई. सगळे तिला अक्का म्हणत. धुळ्याकडे सासर, यजमान गेल्यावर भावाकडे जळगावला येऊन राहिलेली. तिची अहिराणी जळगावच्या कॉलनीत येऊनही तसूभर बदलली नव्हती.

“चार ओळी लिखाले इतला दिन लागतस का रे?” ती म्हणाली. “तुले काय धाड भरनी शे?”

“तसं नाही, अक्का. आपण काहीतरी सांगायचं, आणि ते चुकलं तर त्या पोरीचं नुकसान.”

“आन नही सांगं तर?”

अक्काने सुपातले गहू निवडता निवडता पुढचं जाहीर करून टाकलं. “परवा आखाजी. गंगू नणंदेची पहिली घागर शे. माले जानं पडी. तू माले पोचाडी दे.”

गंगूबाई ही अक्काची नणंद, थंडीत वारलेली. आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, आंबे आणि पुरणपोळी मांडायची. पहिल्या वर्षाची घागर तर चुकवून चालतच नाही. आणि गंगूबाईचं सासर होतं तामसखेडे. पितांबररावांनी चष्म्याच्या वरून बहिणीकडे पाहिलं. अक्का खाली मान घालून गहू निवडत होती, पण ती गालात हसत होती.

“मी त्या मुलीच्या ऑफिसात जाणार नाही,” ते म्हणाले. “आधीच सांगतो.”

“कोन सांगी ऱ्हायनं तुले जायाले? आखाजीले ऑफिस बंदच ऱ्हास.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने ते निघाले. एरंडोल, पारोळा मागे पडलं. उन्हाने रस्ता चकाकत होता. पितांबररावांनी मांडीवर पुस्तक उघडून ठेवलं होतं, पण पान उलटत नव्हतं. फाट्यावर उतरून रिक्षाने गावात शिरले तर कोपऱ्याकोपऱ्यावर कडुलिंबाला झोके बांधलेले, माहेरवाशिणी आलेल्या, घराघरांतून पुरण शिजल्याचा वास.

गंगूबाईचं घर एका लांबलचक, उतरत्या गल्लीच्या अगदी शेवटी होतं. पुढे नाला आणि त्यापलीकडे शेतं. दारात गंगूबाईची सून लताबाई उभी होती. तिचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर, तो गुजरातकडे गेलेला, सणालाही आला नव्हता. अक्काने तिला जवळ घेतलं. दोघी डोळ्यांना पदर लावत आत गेल्या. पितांबरराव ओट्यावर अवघडून उभे राहिले. भिंतीला टेकवलेली एक काठी त्यांना दिसली. जाड, गाठींची, खालच्या टोकाला लोखंडी टोपी बसवलेली. ही काठी आपण कुठेतरी वाचली आहे, असं त्यांना वाटलं. मग एकदम मृणालीच्या पत्रातल्या आजी आठवल्या, आणि ते ओट्यावर बसले.

“लता, तुझ्या सासूबाई नगरपंचायतीत जायच्या का गं? तक्रार घेऊन?”

“दर सोमवारी,” लताबाई आतून म्हणाली. “बाजार करायच्या आणि येता येता मॅडमला दोन शब्द सुनवायच्या. घरी येऊन म्हणायच्या, पोरगी चांगली आहे, ऐकून घेते, चहा पाजते.”

म्हणजे मॅडमना वाटत होतं, आजींची तक्रार मिटली म्हणून त्या येत नाहीत. पितांबररावांना हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं. पण जवळ कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते मनातच ठेवलं.

आखाजीच्या सकाळी नळाचा वार होता. पितांबरराव उजाडायच्या आत उठले. घरात एकच न्हाणीघर, दोन बायका आणि त्यांच्या आवराआवरीत आपण मध्येमध्ये, या संकोचाने ते गल्लीच्या वरच्या टोकाकडे फिरायला गेले. तिथे सायरबाईचं किराणा दुकान होतं. दुकान अजून उघडलेलं नव्हतं, पण साठी उलटलेल्या सायरबाई ओट्यावर बसून वेलची सोलत होत्या. अनोळखी माणसाला त्यांनी आधी निरखून घेतलं.

“कोणाकडे पाहुणे, भाऊ?”

“गंगूबाईंकडे. म्हणजे... त्यांच्या घागरीसाठी.”

“अरे देवा, बसा ना मग. उभे काय राहता?” त्यांनी पोतं झटकून पुढे सारलं. “गंगूबाई गेली आणि गल्लीचा आवाज गेला बघा.”

एवढ्यात वरच्या चौकातून एक माणूस सायकल हातात धरून आला. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लांब लोखंडी चावी. सायरबाईंनी हाक मारली, “चुडामण, आज लवकर?”

“सण आहे ना, भाभी. म्हटलं, आज बायकांना आधी पाणी.” चुडामणने सायकल भिंतीला लावली, खिशातून फोन काढला आणि अंगठ्याने दाबला. लगेच सायरबाईंच्या पदराखाली फोन वाजला. घरातही कुठेतरी वाजला.

पितांबररावांच्या तोंडून नकळत प्रश्न गेला, “व्हॉल्व्ह उघडायच्या आधीच दाबलंत?”

चुडामण हसला. “आबा, पाहुणा दारात आल्यावर चहा टाकायचा का? आधी कळवलेलं बरं. लोकांना तयारीला वेळ मिळतो. मॅडम सांगतात व्हॉल्व्ह उघडून मग दाबा, पण त्यांना आपल्या गल्लीचा स्वभाव काय माहीत!” आणि तो ऐटीत चावी घेऊन चौकातल्या लोखंडी झाकणाकडे गेला.

त्याच्या चांगुलपणाविषयी शंका घ्यायला जागाच नव्हती. पण तेवढ्यात पितांबररावांनी जे ऐकलं, त्याने ते पोत्यावरून उठून उभे राहिले.

आधी सायरबाई लगबगीने आत गेल्या आणि त्यांच्या घरात घूं असा आवाज सुरू झाला. मग शेजारी. मग समोर. नळाला मोटर लावून पाणी ओढायचं नाही असा नियम होता, आणि नियमाचा मान राखून प्रत्येकाने आपली मोटर न्हाणीघरात लपवलेली होती. गल्लीत एक माणूस दिसत नव्हता. दारं लोटलेली, आणि बंद दारांच्या मागे मोटरी घुमताहेत. पाणी अजून नळात आलेलंही नव्हतं.

चौकात व्हॉल्व्ह उघडला गेला आणि पितांबरराव गल्लीच्या उताराने खाली चालू लागले. घर, आवाज. घर, आवाज. कुठे पाइप थरथरतोय, कुठे गच्चीवरच्या टाकीत पाणी पडल्याचा धबधब. जसजसा शेवट जवळ आला तसतसा आवाज विरळ झाला. शेवटच्या घरांत मोटर नव्हती. लताबाईच्या अंगणात आले तर अक्का नळापाशी पाटावर बसली होती. पुढ्यात लाल, कोरी घागर. नळाच्या तोंडातून नुसती हवा सूं सूं करत होती. मधूनच एक बारीक धार यायची, थेंब व्हायची आणि थांबायची.

“येस पानी, मामा,” लताबाई आता घरच्या अहिराणीत म्हणाली, जणू दोष तिचाच. “पन वरलं बठ्ठं भरायनं का मंग येस. तवपावत चुडामणभाऊ बंद करी टाकस.”

“म्हणजे वरच्यांचं सगळं भरेपर्यंत तुमची वेळ संपते. तक्रार केली का?”

“तक्रार फोनवर करनी पडस. फोन यासनाजोडे शे. त्या गाडीवर.”

“आणि निरोप? पाण्याचा?”

“तोबी त्यासलेच जास. मागला वारले सुरतवरून शेजारना फोनवर सांगे, लता, नळ उनात.” गल्लीत नळ आले हे नवऱ्याने सुरतेहून सांगायचं, याचं तिलाच हसू आलं. अक्काही हसली. पण हसता हसता तिने घागरीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला.

“आयुष्यभर ती दुसऱ्याकडे पाणी मागायला गेली नाही,” अक्का हळूच म्हणाली. अशा वेळी ती भावाशी भावाच्या भाषेत बोलायची. “आज तिचीच घागर कोरी.”

नळातून आता हवाही ऐकू येईना. धार पुरती बंद झाली होती. ऊन वर यायला लागलं होतं आणि चुलीवर पुरणपोळीचा तवा तापत होता.

पितांबररावांनी जन्मात शेजाऱ्याकडून कधी वर्तमानपत्रही मागून घेतलं नव्हतं. त्यांनी घागर उचलली, छातीशी धरली आणि गल्ली चढायला लागले. आता दारं उघडली होती. झोक्यावरच्या पोरी या म्हाताऱ्याकडे बघून खुसुखुसु हसल्या. सायरबाईंच्या दाराशी ते थांबले.

“ही घागर...” ते म्हणाले.

सायरबाई नळाला बांधलेलं पाणी गाळायचं पांढरं गळणं सोडून पिळत होत्या. त्यांनी घागरीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

“लताच्या घरी पाणी नाही? आजच्या दिवशी?” त्या उठल्याच. “बोलली का नाही ती? रोज दुकानात येते!”

“मागायचा संकोच वाटला असेल तिला.”

“असं कसं?” सायरबाईंनी घागर त्यांच्या हातातून घेतली. हंड्यातलं गाळलेलं पाणी तांब्याने तिच्यात ओतता ओतता त्या बोलत राहिल्या. “भाऊ, पूर्वी नळ आला की मी ओट्यावर येऊन ओरडायची, ‘नळ आले!’ पुढची ओरडायची, तिच्या पुढची ओरडायची. असा आवाज खाली जायचा. आणि खालून गंगूबाई वर यायची! काठी आपटत. प्रत्येक दारापुढे थांबायची. ‘मन्ही घागर भरावत नही तवपावत मोटर बंद!’ माझे यजमान म्हणायचे, कलेक्टर परवडला. पण कोणाची छाती नव्हती बटण दाबायची. तिची घागर भरली की ती हात वर करायची. मग आम्ही मोटर लावायचो.”

“मग आता?”

सायरबाईंचा हात थांबला. “आता फोन वाजतो. ओरडायचं कशाला? आणि गंगूबाई तर...” त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि घागर काठोकाठ भरली. “मी माझी टाकी भरते, दार लावून. खाली काय होतं, मला दिसतच नाही. खरं सांगते, मनातच आलं नाही.”

घागर पितांबररावांना उचलेना. सायरबाईंनी घरातल्या कोणाला हाक मारली नाही. त्यांनी स्वतःच एका बाजूने हात लावला आणि दोघं मिळून ती उतारावरून खाली घेऊन गेले. वाटेत पाणी हिंदकळून दोघांचे पाय भिजले. लताबाईने दारात घागर घेतली. सायरबाई ओट्यावर टेकवलेल्या काठीपाशी क्षणभर उभ्या राहिल्या, तिला हात लावून नमस्कार केला आणि परत गेल्या. घागर गव्हावर मांडली गेली, वर डांगर आलं, आंबे आले. अक्काने निखाऱ्यांवर तूप-पुरणपोळीच्या घासाची आगारी टाकली. धुरात गंगूबाईचं नाव घेतलं.

जेवणं झाल्यावर सगळे लवंडले, पण पितांबररावांना झोप येईना. त्यांना मृणालीचं कौतुक वाटत होतं. गावभर वाहवा होत असताना त्या पोरीला काठीची उणीव जाणवली होती. त्यांना स्वतःला ती जाणवली असती का? बहुतेक नाही. त्यांनी अहवाल वाचला असता, खाली सही केली असती.

मग ते विचार करू लागले. बटण वाईट नव्हतं. बटणामुळे बायका कामाला जाऊ लागल्या होत्या, हे खोटं नव्हतं. बटण फक्त चुकीच्या टोकाला होतं. गल्लीला निरोप द्यायचा तो पाणी सोडल्याचा कशाला? पाणी पोचल्याचा द्यावा. आणि पाणी पोचलं हे कोणाला कळतं? त्यांनी नळाकडे पाहिलं. नळाखाली अक्काने विसरलेला पाट अजून तसाच होता.

जळगावला परत आल्यावर त्यांनी टेबल पुसलं, कोरा कागद घेतला, शब्दकोशातून पत्र काढून समोर ठेवलं. मनात शंका नेहमीसारख्या रांगेने उभ्या राहिल्या. वरच्या घरांना पाणी नळातून दिसेलच, ती मोटर लावतील. शेवटचं घर रुसलं तर? बटण दाबायलाच विसरलं तर? या शेवटच्या शंकेपाशी ते थबकले, आणि तीच त्यांना उपयोगी पडली. त्यांनी लिहायला सुरुवात केली.

‘श्रीमती मृणाली सोनवणे यांस, स. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. मी येऊन बघून गेलो. भेटलो नाही, कारण मला संकोच वाटला.

योजना चालू ठेवावी. पूर्ण गावात लगेच नेऊ नये. आधी एका गल्लीत बदल करून पाहावा. बटण व्हॉल्व्हमनकडे न ठेवता गल्लीतल्या शेवटच्या घरी, घरात असणाऱ्या बाईच्या हाती द्यावं. फोन नसेल तर नगरपंचायतीने द्यावा. तिची घागर भरली की तिने दाबावं, आणि मग गल्लीला निरोप जावा. मोटरी त्यानंतर. लोक लगेच ऐकतील असं नाही. पण ज्या दिवशी ते बटण दाबलं जाणार नाही, त्या दिवशी पाणी शेवटपर्यंत गेलं नाही हे तुम्हाला कोणी न सांगता कळेल. तीच तक्रार समजावी.

व्हॉल्व्हमन चुडामण यांना रागावू नये. ते चांगुलपणाने आधी दाबतात. वरच्या टोकाला सायरबाई नावाच्या बाई आहेत, त्यांना आधी विश्वासात घ्यावं. त्या मदत करतील.

काठीवाल्या आजी येत नाहीत, कारण त्या थंडीत वारल्या. त्यांचं नाव गंगूबाई. त्या माझ्या बहिणीच्या नणंद. पोरगी चांगली आहे, ऐकून घेते, असं त्या तुमच्याविषयी घरी म्हणायच्या.

हे माझं मत आहे. सभेत कोणी विचारलं तर माझं नाव सांगावं. चुकलं तर माझं चुकलं असं सांगावं.’

सही करण्यापूर्वी त्यांचं पेन सवयीने डाव्या समासाकडे गेलं. तिथे ते थोडा वेळ टेकून राहिलं. मग त्यांनी समास कोराच ठेवला आणि खाली पूर्ण नाव लिहिलं.

अक्का दारात उभी होती. “लिखं का?”

“लिहिलं.”

“काय लिखं?”

“तुझ्या नणंदेचंच म्हणणं लिहिलं. माझ्या अक्षरात.”

“मंग बरोबरच व्हई,” अक्का म्हणाली आणि आत गेली.

सभा जवळ आली होती म्हणून त्यांनी साधं टपाल न करता स्पीड पोस्ट करायचं ठरवलं, आणि रिक्षाने मोठ्या पोस्टात गेले. खिडकीवरच्या मुलीने पाकीट तराजूवर ठेवलं, पत्ता वाचला, मशीनवर बोटं चालवली. पितांबररावांच्या मनात आलं, ‘गव्हावर मांडलेल्या घागरीविषयी लिहायला हवं होतं का?’ त्यांनी पाकिटाकडे हात केला.

“काही राहिलं का, आबा?” मुलीने विचारलं.

“नाही,” ते म्हणाले. “जाऊ द्या.”

तिने पाकिटावर पट्टी चिकटवली आणि ते मागच्या पोत्यात टाकलं.